बटण कुणी दाबायचं?

आमच्या दोन खोल्यांच्या घरात कॉम्प्युटर दोन, पण टेबल एकच! एक ह्यांच्या ऑफिसच्या कामाचा, दुसरा माझ्या शाळेच्या. म्हणून ह्यांनी ‘केव्हीएम स्विच’ आणला. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस एकेकच. बटण दाबलं की सगळं या कॉम्प्युटरकडून त्याच्याकडे. जागा वाचली म्हणून मीही खूश!

पण बटण दाबलं की थोडा वेळ कीबोर्ड मुका. कॉम्प्युटरला वाटतं, कीबोर्ड काढून पुन्हा लावलाय. मग तो नव्यानं ओळख करून घेतो. एक वेळ तेही चालेल.

परवा मात्र कहर झाला. सातवीची प्रश्नपत्रिका मी पेनड्राइव्हवर सेव्ह करत होते आणि पेनड्राइव्ह खोचला होता स्विचलाच. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले, तेवढ्यात ह्यांनी “दोनच मिनिटं गं,” म्हणत बटण दाबलं. पेनड्राइव्हही गेला की त्यांच्याकडे! म्हणजे काम चालू असताना उपटून काढल्यासारखंच. परत आले तर कसलीशी सूचना आलेली; मी वेंधळीनं घाईत ती बंद केली. फाइल काही उघडेना. रात्री दीडपर्यंत बसून पुन्हा टाईप केली. हे शांत घोरत होते.

आता पेनड्राइव्ह नि प्रिंटर मी थेट माझ्याच कॉम्प्युटरला लावते. आणि सात ते नऊ बटणाला हात लावायचा नाही, असं बजावलंय. लग्नाला बारा वर्षं झाली, असं काही प्रथमच बजावलं.

काल साडेआठला हे दारात उभे राहून म्हणाले, “दाबू का?”

“नऊला,” मी म्हटलं.