अशोकाची शेंग

अध्यापकाने आपल्या चुका चारचौघांत सांगू नयेत असा काही नियम नाही. तरी आम्ही मंडळी त्या सहसा सांगत नाही. हा लेख अशाच एका चुकीविषयी आहे. ती आमच्या हातून वर्गात घडली, आणि तिचा उलगडा बऱ्याच वर्षांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत, एका झाडाखाली झाला.

त्या काळी आम्ही मराठीच्या विद्यार्थ्यांना भारतीय साहित्यशास्त्र शिकवीत होतो. त्या दिवशी विषय होता दोहद. उदाहरण अर्थातच ‘मालविकाग्निमित्रा’च्या तिसऱ्या अंकाचे. झोपाळ्यावरून पडून राणी धारिणीचा पाय दुखावलेला. म्हणून अशोकाला पदाघात करण्याचे काम ती मालविकेवर सोपविते आणि पाच रात्रींत झाड फुलले तर तिची इच्छा पुरविण्याचे वचन देते. आम्ही रंगात आलो होतो. तेवढ्यात वेंगुर्ल्याकडची एक विद्यार्थिनी उठली. कुंपणालगत उभ्या असलेल्या उंच, सरळसोट झाडांच्या रांगेकडे खिडकीतून बोट दाखवून तिने विचारले, “सर, हेच ना अशोक? मग ह्यांना तांबडी फुलं कधी येतात? मला तर कधी दिसली नाहीत.”

आम्हालाही ती कधी दिसली नव्हती. पण ‘ठाऊक नाही’ हे शब्द अध्यापकाच्या जिभेवर लवकर येत नाहीत. आम्ही म्हणालो, “तांबडी फुले हा कविसमय आहे. कवींनी मानून घेतलेला संकेत. चकोर चांदणे पितो, तसेच हे.” वर्गाने ते लिहून घेतले. वार्षिक परीक्षेत त्या मुलीने तेच वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि आम्ही तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

आता बागेकडे येऊ. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. पुढे तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे नाव मिळाले, तरी मुंबईकराच्या तोंडी ती राणीची बागच राहिली. लोक तिथे जातात ते प्राण्यांसाठी. आम्हीही मुले लहान असताना हत्ती दाखवायला गेलो होतो; २०१६ साली पेंग्विन आल्यापासून तर गर्दीचा ओघ एकाच दिशेने वाहतो. झाडे वाटेत लागतात, इतकेच. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालण्याचा नेम लावून दिला म्हणून आम्ही एका फाल्गुनात तिथे पुन्हा जाऊ लागलो, आणि तेव्हा कळले की ही मुळात वनस्पतींची बाग आहे.

पंचांग वसंताला चैत्र आणि वैशाख असे दोन महिने देते. झाडे ते मानीत नाहीत. शहरातल्या सावरी माघातच निष्पर्ण होऊन लाल होतात, पाठोपाठ पांगारा आणि पळस. बहावा, तामण आणि गुलमोहर यांची पाळी थेट उन्हाच्या काहिलीत येते. मुंबईचा वसंत असा हातोहात पुढे दिला जातो. राणीच्या बागेत फाल्गुनात उर्वशी फुलते. हे झाड मूळचे ब्रह्मदेशाचे. लांब देठांवर लाल-पिवळ्या फुलांचे घोस उलट्या झुंबरासारखे लोंबतात. कैलासपती दक्षिण अमेरिकेतला. त्याची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात. फुलात पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखी रचना दिसली, आणि परदेशी झाडाला आपल्याकडे शंकराचे नाव मिळाले. आफ्रिकेतल्या वृक्षाला आपण गोरखचिंच म्हणतो, तो याच जातीचा कारभार. आपल्या लोकांनी झाडे नीट पाहिली आणि मग त्यांना नावे दिली. आम्ही उलटे केले होते. नाव हाती होते, झाड पाहिलेच नव्हते.

एका सकाळी पायवाटेच्या कडेला एक मध्यम उंचीचे, डेरेदार झाड दिसले. कोवळी पाने तांबूस, मलूल झाल्यागत खाली लोंबणारी. आणि जुन्या, जाड फांद्यांवर, अगदी खोडालासुद्धा, केशरी-तांबड्या फुलांचे गच्च गुच्छ बिलगलेले. ताजी फुले केशरी, जुनी होत चाललेली लालभडक. पाने झाडणाऱ्या माळीकाकांना विचारले. ते झाडू न थांबविता म्हणाले, “अशोक. सीतेचा.”

आम्ही जवळच्या बाकावर बसलो. घरी येऊन पुस्तके काढली. कॉलेजच्या कुंपणालगतची ती रांग हिरव्या अशोकाची, म्हणजे आसुपालवाची. तो सीताफळाच्या कुळातला. त्याची फुले हिरवट, पानांत लपून जाणारी. खरा अशोक शिंबाकुलातला, चिंच-गुलमोहराचा नातलग. त्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती रंगीत निदले. तांबडी फुले हा संकेत नव्हता. ते वर्णन होते. मालविकेच्या पायाने झाड फुलते, हा संकेत. फुलते ते तांबडे फुलते, हे कालिदासाने पाहिलेले.

ओशाळवाणे वाटावे असे याहून पुढे होते. कविसमयांची चर्चा करणारा राजशेखर आम्ही त्याच अभ्यासक्रमात शिकविला होता. ‘काव्यमीमांसे’त तो म्हणतो की काही गोष्टी नसूनही कवी सांगतात, तर काही असूनही सांगत नाहीत. या दुसऱ्या प्रकाराच्या उदाहरणांत अशोकाचे फळ आहे. अशोकाला फळ धरते हे कवींना ठाऊक होते. त्याचे वर्णन करायचे नाही असे त्यांनी ठरविले होते. हे वाक्य आम्ही कितीदा शिकविले असेल! पण अशोकाचे फळ कसे असते, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. कवींचे मौन पाहिलेल्याचे मौन होते. आमचे तसे नव्हते, आणि त्याला आम्ही त्यांच्याच शास्त्रातला शब्द पांघरला होता.

ती विद्यार्थिनी आता सिंधुदुर्गात एका महाविद्यालयात मराठी शिकविते. फोन केला. सगळे ऐकून ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “सर, मी गेली किती वर्षं मुलांना तेच सांगतेय.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरे वाटले असते.

पुढच्या फाल्गुनात ती मुंबईला आली तेव्हा आम्ही तिला बागेत नेले. झाडापुढे ती बराच वेळ उभी राहिली. मग फांदीवरच्या गुच्छाकडे पाहत म्हणाली, “आमच्या सुरंगीसारखंच की! तीसुद्धा अशी जून फांदीलाच लगडते. आजी उजाडायच्या आत कळ्या काढायला लावायची, वळेसर करायला. मला त्या वेळी अशोक दाखवला असता तर मी वर्गात सुरंगीबद्दल सांगितलं असतं.” आम्हाला सुरंगी ठाऊक नव्हती. या खेपेला आम्ही तसे सांगितले, आणि बाकावर बसून तिच्याकडून ती समजून घेतली.

२००७च्या सुमारास या बागेचा कायापालट करण्याच्या योजनेला मुंबईच्या नागरिकांनी विरोध केला होता, तो प्रामुख्याने झाडांच्या काळजीपोटी. तेव्हा आम्ही बातम्या वाचल्या आणि पान उलटले. लोकलने चार स्टेशनांवर असलेल्या या बागेत त्या दुपारी अख्खा वर्ग नेता आला असता. झाड तेव्हाही तिथेच होते.

वैशाखात आम्ही पुन्हा गेलो. फुले सरली होती. पाने आता गडद हिरवी. फांद्यांखाली वाकून शोधावे लागले, पण सापडल्या. चपट्या, जांभळट, तळहाताएवढ्या शेंगा. एक खाली पडली होती. ती उचलून घरी आणली आणि टपालाने सिंधुदुर्गात पाठविली. पाकिटावर मजकूर असा लिहिला: ‘अशोकाचे फळ. वर्गात दाखवावे.’