नमस्कार किती अक्षरांचा?

प्रोग्रामिंगची नवी भाषा हाती आली की पहिला प्रोग्राम सगळेच सारखा लिहितात: पडद्यावर 'हॅलो, वर्ल्ड' उमटवणारा. मला रस असतो तो दुसऱ्या प्रोग्राममध्ये. एक शब्द द्यायचा आणि विचारायचं, यात अक्षरं किती? पहिलीतल्या मुलाला विचारावा असा प्रश्न. पण त्याच्या उत्तरात भाषेचा जो स्वभाव कळतो, तो तिच्याबद्दलच्या जाड पुस्तकांतही सापडत नाही.

फोरट्रानच्या काळी प्रश्न उलट दिशेनं यायचा. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी ही भाषा १९५७ मध्ये आणली. तिच्यात रोमन लिपीतलं 'हॅलो, वर्ल्ड' छापायचं तर आधी आपणच मोजायचं: पाच अक्षरं, एक स्वल्पविराम, एक मोकळी जागा, पुन्हा पाच. बारा. मग मजकुराला चिकटून आधी '१२ एच' लिहायचं. चुकून तेरा लिहिलं तर पुढचा कंसही मजकूर म्हणून गिळला जायचा आणि ओळ मिटायचीच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे अजस्र यंत्र आलं. ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डांवर छिद्रं पाडत, ओठांतल्या ओठांत अक्षरं मोजणारी माणसं मला त्या काळाचा विचार केला की दिसतात. ही मोजणी कंटाळवाणी असणारच, पण रिकाम्या जागेलाही किंमत असते हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसेल.

कोबोलची तऱ्हा कारकुनी. शब्द यायच्या आधीच त्याला घरं नेमून द्यायची. बारा घरं दिली आणि पंधरा अक्षरं आली, तर शेवटची तीन गुपचूप कापली जातात. नऊच आली तर उरलेली तीन घरं कोरी. मला ही भाषा कधी आवडली नाही. पण छापील याद्यांमध्ये अर्ध्यात तुटलेली लांबलचक आडनावं दिसली की तीच आठवते.

सीपाशी मात्र थांबावंसं वाटतं. तिच्या आधीच्या 'बी' भाषेत अक्षरं चारच्या गटांनी मावायची. त्यामुळे ब्रायन कर्निगन यांच्या त्या भाषेच्या पाठात 'हॅलो, वर्ल्ड' तीन तुकड्यांत येतं, आणि पहिल्या तुकड्यातली चार अक्षरं नुसती वाचली तर इंग्रजीतला नरक होतो! डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली. तिनंही लांबी कुठे लिहून ठेवली नाही. शब्द संपला की शेवटी शून्याची एक खूण, बस. लांबी आधी नोंदवली की तिच्यावर मर्यादा येते, आणि मोजदाद सांभाळत बसण्यापेक्षा शेवटी खूण करणं सोयीचं वाटलं, असं कारण रिचींनी पुढे सांगितलं. पंगतीत पानं न मोजता शेवटचं पान येईपर्यंत वाढत जाणाऱ्या वाढप्यासारखा हा कारभार. शेवटचं पान ओळखू आलं नाही, तर वाढपी शेजारच्या मांडवात शिरणार. आणि तसा शिरलाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेला मॉरिस वर्म ज्या फटींतून आत गेला, त्यातली एक हीच होती. समोरून येईल तेवढं न मोजता घेणारं 'गेट्स' हे फंक्शन सीच्या प्रमाणित रूपातून हद्दपार व्हायला २०११ साल उजाडावं लागलं.

आमच्या पिढीला सी भेटली ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. सुरुवातीला 'क्लिअरस्क्रीन', शेवटी 'गेटच'. कर्निगन-रिचींच्या पुस्तकातल्या पहिल्या प्रोग्रामात नसलेल्या या दोन ओळी आमच्या प्रत्येक जर्नलमध्ये आरतीसारख्या असायच्या. पडदा पुसायचा, आणि काम झाल्यावर कुणीतरी कळ दाबेपर्यंत थांबायचं. व्हायवाला त्यांचा अर्थ फारसं कुणी विचारत नसे.

पायथनमध्ये यातलं काहीच करावं लागत नाही. 'लेन' म्हटलं की आकडा समोर. इंग्रजी शब्द देत होतो तोवर मलाही वाटायचं, चला, मोजणीचा प्रश्न मिटला. मग 'नमस्कार' दिला.

आताची पायथन म्हणाली, सात. न, म, स, पाय मोडल्याची खूण, क, काना, र. युनिकोडच्या हिशेबानं बरोबरच आहे. काना हा तिथे स्वतंत्र रहिवासी. सीला विचारलं तर एकवीस, कारण साठवताना यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येकाला तीन-तीन बाइट लागतात. गंमत म्हणजे गो आणि रस्ट या कितीतरी नव्या भाषाही साधी लांबी विचारली की एकवीसच सांगतात. त्यांनी अक्षरांच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलेलं दिसतं, आणि मला त्यांचा हा रोखठोकपणा आवडतो.

आपलं उत्तर तिसरंच. अभंगाच्या देवद्वार छंदात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं बसवताना जोडाक्षर एकच धरतात, म्हणून नमस्कार चार अक्षरांचा. वृत्ताच्या तासाला हाच शब्द घेतला तर न लघू, पुढच्या जोडाक्षराच्या आघातानं म गुरू, स्का गुरू, र लघू, म्हणजे मात्रा सहा. एका शब्दाची चार मापं झाली, आणि एकही खोटं नाही. कानाला, डोळ्याला आणि तारेतून जाणाऱ्या विजेला वेगवेगळं मोजायचं असतं, एवढंच. खिशाला झळ लागते ती एसएमएसमध्ये: इंग्रजीत १६० अक्षरं मावतात तिथे देवनागरीत सत्तर, आणि त्यातही काना-मात्रा वेगळ्या धरून.

२०२३ मध्ये युनिकोडच्या १५.१ आवृत्तीनं देवनागरीसह आपल्या काही लिप्यांतली जोडाक्षरं अखंड धरायचा नियम आणला. तो लावला तर यंत्रही 'नमस्कार' चार घासांत घेतं. त्याआधीच्या नियमानं पाच व्हायचे, कारण स् आणि का वेगळे पडायचे. प्रत्येक भाषा हे आपल्या सवडीनं शिकते आहे. मी परीक्षा घेतो ती शब्द उलटा करायला सांगून. जुन्या नियमानं चालणारी 'रकास्मन' देते, नव्या नियमाची 'रस्कामन'. पायथनची एका ओळीची प्रसिद्ध युक्ती वापरली तर उत्तर येतं 'राक्समन'. उलटा नमस्कार कुणाला घालायचाय, हा प्रश्न अजून एकाही भाषेनं विचारलेला नाही.