ब्रेक नाहीत, म्हणजे नाहीतच!

मोटरसायकलला ब्रेक असतात अशी आपली एक भाबडी समजूत आहे. स्पीडवे नावाच्या शर्यतीतल्या मोटरसायकलला ब्रेक नसतात. बिघडलेले असतात असं नव्हे, मुळातच नसतात! इंजिन ५०० सीसीचं, गिअर एकच. चौघांनी मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चार फेऱ्या मारायच्या आणि मिनिटभरात सगळं उरकायचं. वळायचं ते फक्त डावीकडे. वळताना मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पुढचं उजवीकडे धरायचं आणि लोखंडी तळ बांधलेला डावा पाय मातीवर घासत न्यायचा. सायकल शिकताना आपण जे करून गुडघे फोडून घेतले, त्याला तिथे कौशल्य म्हणतात.

निघालो तिथेच परत यायचं, म्हणजे हा घाण्याच्या बैलाचाच धंदा. पण त्यात आयव्हन मॉगर सहा वेळा जगज्जेता झाला. (उच्चार 'मेजर'. स्पेलिंगच्या वाटेला जाऊ नये.) जन्म १९३९चा, गाव न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. १९५७ साली, मिसरूड फुटायच्या वयात, हा गृहस्थ बायकोला घेऊन इंग्लंडला विम्बल्डनच्या संघात नशीब काढायला गेला. जम काही बसेना. आला परत!

परत येणं सोपं नसतं हो. "काय, आलात का?" एवढंच शेजारी विचारतात, पण त्या 'का'त सगळं येतं. एरवी माणूस मुकाट्याने नोकरीला चिकटला असता. हा १९६३ साली पुन्हा इंग्लंडला गेला, या खेपेला न्यूकॅसलकडून. मग १९६८, ६९ आणि ७०, लागोपाठ तीन जगज्जेतेपदं! असं आधी कुणाला जमलं नव्हतं. तिसरं मिळालं तर मोटरसायकल सोन्याने मढवू, असा शब्द दोन अमेरिकन चाहत्यांनी दिला होता आणि, आश्चर्य म्हणजे, तो पाळला. आपल्याकडे सोनं चढतं ते कळसावर नाहीतर दातावर. ती सोनेरी गाडी क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियमच्या संग्रहात आहे.

पुढे १९७२, १९७७ आणि १९७९. शेवटच्या वेळी चाळिशीला महिनाभर बाकी होता. त्या वयात आपण चष्म्याचा नंबर काढतो. २०१८ साली तो गेला.

त्याची सगळ्यात लांब फेरी मात्र ट्रॅकवरची नव्हेच. क्राइस्टचर्च ते इंग्लंड, तिथून हात हलवत घरी आणि पुन्हा इंग्लंड! स्पीडवेच्या गाडीला ब्रेक नसतात, तशी मागची सीटही नसते. तरी या फेरीत रेबाई पहिल्यापासून बरोबर होत्या. सोन्याचा मुलामा चढला, तो मात्र मोटरसायकलला.