वाकणारी चाके

जुनी जिप्सी घेतली तेव्हा कार्यालयातील मित्रांनी चेष्टा केली. पण वडिलांना जानकीचट्टीपर्यंत नेऊन उगमाजवळची यमुना दाखवावयाची, हे वचन मी देऊन बसलो होतो. गाडीची चाके मात्र निकामी निघाली. काही वाकडी, काही गंजलेली.

काश्मिरी गेटच्या बाजारात दुकानदाराने प्रथम झगमगीत अलॉय चाके पुढे केली. दिसावयास देखणी, वजनास हलकी. पण किंमत ऐकून खिशातला बोनस संकोचला. शेजारीच काळी पोलादी चाके पडली होती, निम्म्याहून स्वस्त. 15 इंचांचा व्यास आणि 5 बोल्टांचे 139.7 मिलिमीटरचे वर्तुळ मी जुळवून पाहिले, जोडावरून बोट फिरविले, चाक फरशीवर गडगडत नेले. तरीही मन कचरत होते. काटकसरीपायी वडिलांचा जीव तर धोक्यात घालीत नाही ना?

तेथूनच त्यांना फोन लावला. बैलगाडीच्या चाकांना तापलेली धाव चढविण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी एवढेच विचारले, "दगडावर आपटले तर?"

"अलॉय तडकू शकते. पोलाद वाकते, ठोकून वाटेपुरते सरळ करता येते."

"मग पोलादच घे."

'मोडेन पण वाकणार नाही' हा आपला मराठी बाणा. कारकुनीत मी अनेकदा वाकलो आणि त्याची मनोमन लाज बाळगली. स्टेपनीसह ती पाच चाके घेऊन परतताना वाटले, बरोबरच्या माणसांना सुखरूप घरी आणावयाचे असेल, तर वाकण्यातही थोडी अब्रू आहे.