हवा धरलेले इंजिन

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दट्ट्या वर सरकताना सिलिंडरातली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते. दाबाने ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्या तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचे धुके सुटले की ते आपले आपण पेटते. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे हे यंत्र चालवून दाखवले. पेट्रोल इंजिनाच्या दुखण्यांपैकी प्लग, कॉइल, वायर यांची सगळी दुखणी इथे मुळातच वजा होतात. उरतात तीन गोष्टी : डिझेल, हवा आणि दाब. बंद पडलेल्या इंजिनाची चौकशी या तीन घरांपुरतीच असते. आधी कोणते दार वाजवायचे एवढे कळले की निम्मे काम झाले.

इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीला ही चौकशी जुनीच आहे. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि मधला माळ मात्र कोरडा, अशी या तालुक्याची ठेवण. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळात, १८८० च्या दशकात, भाटघर धरणाच्या पाण्यावर सुरू झाला. त्याच्या शेपटाकडे हा तालुका येतो, आणि शेपटाकडे पाणी पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. त्यात निमगाव हे पानमळ्यांचे गाव. शेवरी, हादगा, पांगारा यांच्या आधाराने चढणारी पानवेल नाजूक जातीची. तिची मुळे वरवरची, त्यामुळे तिला एकदम भरपूर पाणी सोसत नाही आणि उशीरही सोसत नाही; थोडे थोडे आणि वरचेवर द्यावे लागते. उसाला आठवडाभर ताण बसला तर ऊस कुरकुरत तग धरतो. वैशाखात पानवेल तेवढी वाट पाहत नाही, पान लगेच मऊ पडते. अशा मळ्याच्या विहिरीवर इंजिन बंद पडणे म्हणजे घरात तापाचे माणूस असण्यासारखे.

पुढे वीज आली, मोटारी बसल्या आणि इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली गेली. भारनियमन सुरू झाले तशी ती पुन्हा बाहेर निघाली. पाच हॉर्सपॉवरच्या या यंत्रांत दोन स्वभाव ओळखू येतात. लिस्टर धाटणीचे संथ इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे घेते, त्याचा ठोका शिवारभर वेगवेगळा ऐकू येतो. किर्लोस्करांचे उभे इंजिन दीड हजार फेरे घेते, त्याचे ठोके एकमेकांत मिसळून एकच घरघर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासाठी. तेलाच्या इंजिनांचा पुण्यातला कारखाना १९४६ मध्ये निघाला, आणि त्यानंतर या भागात ‘इंजिन’ हा शब्द रेल्वेपेक्षा विहिरीचा अधिक झाला.

कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या अंगात एक शहाणपण भिनलेले असते. पाणी आले नाही म्हणून तो आपल्या वाफ्यात खणत बसत नाही. खांद्यावर खोरे टाकून तो पाटाने वर चालू लागतो. कुठे कोणी दार लावले, कुठे बांध फुटला, कुठे गाळ दाटला, हे पाहत जातो. इंजिनाचीही तीच रीत. टाकीपासून नोझलपर्यंत डिझेलची वाट जेमतेम दोन-तीन हातांची, पण तिच्यावर दारे आहेत, बांध आहेत आणि गाळही आहे. नवखा माणूस आधी पाना घेऊन सिलिंडरच्या हेडला भिडतो. जाणता टाकीचे झाकण उघडतो.

झाकणाला सुईएवढे एक भोक असते. डिझेल खाली उतरते तितकी हवा त्या भोकातून आत यावी लागते. चिखलाने किंवा तेलात कालवलेल्या धुळीने ते बुजले की टाकीत पोकळी धरते आणि डिझेल वरच अडून राहते. मग इंजिन दहा-पंधरा मिनिटे छान चालते, दमते आणि विझते. थोड्या वेळाने पुन्हा सुरू केले तर पुन्हा तितकेच चालते. झाकण सैल करताना ‘सुस्स’ असा आवाज आला तर दुखणे सापडले, आणि त्याचे औषध बाभळीचा काटा. बिघाड व्हायला किती वेळ लागतो, ही खूण फार मोलाची आहे. लगेच बंद पडणारे आणि पंधरा मिनिटांनी बंद पडणारे इंजिन ही दोन वेगळी दुखणी असतात.

टाकीच्या तळाशी पाणी असते. रात्रीच्या गारव्यात रिकाम्या टाकीच्या आतल्या पत्र्याला दव सुटते. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाला बसते आणि नळीत सर्वांत आधी तेच शिरते. काचेच्या बाटलीत तळाचे थोडे डिझेल काढून उन्हात धरले की दोन थर वेगळे दिसतात. त्यापुढे फिल्टर. फिल्टरबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. वेळेवर बदलला तर तो बिघाड होत नाही, आणि वेळेवर तो कोणी बदलत नाही.

खरी गंमत हवेची. पाण्याचा पंप असो की डिझेलचा, गावात एकच वाक्य म्हणतात : ‘हवा धरली.’ डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. सगळा खेळ या फरकात आहे. इंजेक्शन पंपाचा दांडा दर खेपेला डिझेलचा एखादा थेंब दोनशे वातावरणांच्या आसपासच्या दाबाने पुढे ढकलतो, तेव्हा कुठे नोझलची सुई उचलते. वाटेत मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा असला तरी तो दाबाला चेंडूसारखा आत दबतो आणि पुन्हा फुगतो. पंप ढकलतो, बुडबुडा सोसतो, आणि नोझलपर्यंत काहीच पोचत नाही. टाकी भरलेली, नळी भरलेली, तरी इंजिन उपाशी.

हवा काढण्याचे काम टाकीकडून पुढे सरकत करायचे असते. फिल्टरवरचा बोल्ट आटे दोन आटे ढिला करायचा. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांची माळ, मग अखंड धार. धार वाहत असतानाच बोल्ट आवळायचा. धार थांबवून आवळला तर हवा पुन्हा आत. त्यानंतर हेच पंपापाशी. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नट ढिला करून हॅण्डल हळूहळू फिरवायचे, तिथे डिझेल उसळ्या मारत येऊ लागले की नट घट्ट. आता हॅण्डल फिरवताना प्रत्येक फेऱ्याला नोझलचा ‘कर्र’ असा कोरडा आवाज येतो. जुना मेस्त्री याच आवाजासाठी बाकी सगळ्यांना गप्प बसवतो.

हवा काढून दिली की काम संपले, असे मात्र नाही. ती आत आली कुठून, हा प्रश्न उरतोच. जिथून डिझेल पाझरते तिथून इंजिन थांबल्यावर हवा आत जाते, म्हणून ओला डाग हा चोराचा माग समजावा. पुष्कळदा तो बोल्टाखालच्या तांब्याच्या वायसरपाशी सापडतो. तांबे दाबाखाली कडक होत जाते, आणि कडक वायसर पुन्हा नीट बसत नाही. तो चुलीत लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की परत मऊ होतो. लोखंड तापवून विझवले तर कडक होते, तांबे मऊ होते. धातूशास्त्राचा हा धडा निमगावच्या चुलीपाशी वहीशिवाय शिकता येतो.

एवढ्यावर इंजिन चालले नाही तरच नोझल काढायचा. मायको या नावाने ओळखला जाणारा, नाशिकच्या कारखान्यात बनणारा नोझल इतका पसरला की कित्येक ठिकाणी नोझललाच ‘मायको’ म्हणत. काढलेला नोझल नळीला उलटा जोडून हॅण्डल मारले तर डिझेलची पिचकारी दिसली नाही पाहिजे, अगरबत्तीच्या धुरासारखे बारीक धुके दिसले पाहिजे. टोकाला थेंब लोंबत असेल तर सुई गळते आहे. त्या धुक्यासमोर हात धरायचा नाही. दाबाने आलेले डिझेल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि बोट कापायची पाळी येते.

तिसरे घर दाबाचे. वरचा लिव्हर उचलला की व्हॉल्व उघडा राहतो आणि हॅण्डल सहज फिरते. वेग आल्यावर लिव्हर पाडायचा. त्या क्षणी हॅण्डल भिंतीवर आदळल्यासारखे अडले तर दाब शाबूत आहे. लोण्यातून सुरी जावी तसे पुढे गेले तर रिंगा झिजल्या आहेत किंवा व्हॉल्व बसत नाही. रिंगांचा संशय असेल तर सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पाहतात. तेवढ्याने दाब वाढला तर रिंगाच दोषी, नाही वाढला तर व्हॉल्व. हॅण्डल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. इंजिन उलटे फिरले तर हॅण्डल हातातून सुटून जावे, मनगट घेऊन जाऊ नये, यासाठी. हे कोणत्याही पुस्तकापेक्षा गावातले एखादे वाकडे मनगट अधिक चांगले शिकवते.

या इंजिनाचे एक धाकटे भावंड आहे. निमगावात त्याला काम नाही, पण त्याचा स्वभाव अगदी हाच. ते म्हणजे घर केलेल्या बसमधला डिझेल हीटर. गाडीचे घर करणे या गावाला नवल नाही. आषाढात तुकोबारायांची पालखी निमगावात मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरकडे निघते. त्या रात्री दिंड्यांच्या ट्रकांत कोठी असते, देव असतात, टपाखाली अंथरुणेही असतात. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले ते २०२१ मध्ये. वारीने ते कधीच अमलात आणले होते. फक्त वारीच्या ट्रकाला शेगडी पुरते. बस लडाख-स्पितीकडे नेणाऱ्याला रात्री आत ऊब लागते, म्हणून हीटर.

या हीटरात दट्ट्या नाही. एक छोटा विजेचा पंप ‘टिक टिक’ करत, दर टिकेला मिलीलिटरचा सुमारे पन्नासावा भाग, एवढेच डिझेल पाठवतो. ग्लो प्लग नावाची तापणारी कांडी ते पेटवते, आणि पंखा त्या ज्वाळेला हवा पुरवतो. तो पेटत नसेल तर चौकशीची घरे जवळपास तीच, एक जास्तीचे घर मात्र विजेचे. कांडी तापताना आठ-दहा अँपिअर ओढते. बॅटरी भरलेली, पण तार लांब आणि बारीक, तर व्होल्टेज वाटेतच गळते आणि हीटर ‘बॅटरी उतरली’ अशी खोटी तक्रार करतो. व्होल्टेज बॅटरीपाशी मोजून उपयोग नाही, हीटरपाशी, कांडी तापत असताना मोजावे लागते. इथेही शेपटालाच पाणी पोचत नाही. टिकटिक ऐकू येते पण धूर नाही, म्हणजे पंपाने हवा धरली. पंप आडवा बसवलेला असेल तर बुडबुडे त्यात मुक्काम करतात. तोंड वर करून तिरपा बसवला की निघून जातात. टिकटिक आहे, पांढरा धूरही आहे, पण ज्योत नाही, तर डिझेल पोचते आहे आणि कांडी किंवा तिच्याभोवतीची जाळी काजळीने मेली आहे. दिवसेंदिवस मंद आचेवर चालवलेल्या हीटरात ही काजळी हमखास धरते. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवर हवा सपाटीच्या दोन तृतीयांशच उरते. डिझेल तेवढेच गेले तर काजळी आणखी. त्यात थंडीने डिझेलच गोठते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल काढले, त्याआधी टाकीखाली जाळ करण्याचे धाडस चालक करत.

दोन्ही यंत्रांत एक बिघाड असा आहे की तो यंत्राला होत नाही, माणसाला होतो. पाणी खोल गेले की पंपाची ओढ पुरत नाही. हिशेबाने दहा मीटर, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पाणी वर खेचले जात नाही, म्हणून इंजिन विहिरीत उतरवून कपारीवर बसवत. धुराची नळी वरपर्यंत नेली नाही किंवा सांध्यात फुटली, तर विहिरीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. खाली गेलेला का बोलत नाही हे पाहायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. हीटरची धुराची नळी बसच्या आतच गळली तर झोपलेल्यांचे तेच होते. म्हणून इंजिन पाहायला उतरण्याआधी ते बंद करून विहिरीत वारा खेळू द्यायचा, आणि हीटर दुरुस्त करणाऱ्याने शेवटी हात लावायचा तो धुराच्या नळीच्या सांध्यांना.

इंजिन सुरू झाले की धूर वाचायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. हवेचा फिल्टर धुळीने भरला असेल किंवा पंपावर ओझे जास्त असेल. निळसर म्हणजे ऑइल जळते आहे. थंड इंजिनाचा पांढरा धूर दोन मिनिटांत विरला तर ठीक, नाही विरला तर डिझेल न पेटताच बाहेर येते आहे किंवा आत पाणी जाते आहे. इंजिन चालते आहे आणि पाणी मात्र येत नाही, असे झाले तर चौकशी दुसऱ्या पाटावर जाते. आता पाण्याच्या पंपाने हवा धरली आहे. फुटव्हॉल्वच्या झडपेत पानवेलीचा डेख किंवा प्लॅस्टिकचा तुकडा अडकला की ओढीच्या पाइपातले पाणी रात्रीतून विहिरीत उतरते, आणि सकाळी पंप कोरडाच फिरतो. बादलीने पंप तोंडापर्यंत भरायचा, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग इंजिन मारायचे.

मळ्याच्या शेवटच्या सरीला पाणी लागले की इंजिन बंद करतात. डिझेल संपून आपोआप बंद पडू देत नाहीत. संध्याकाळी टाकी भरूनच ठेवतात, म्हणजे आत दव धरत नाही आणि उद्या पुन्हा बोल्ट ढिले करावे लागत नाहीत. झाकण लावताना त्यावरचे भोक बोटाने पुसून घेतात.