सुटा भात, सामाईक जमीन

नोकरीनिमित्त मी साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्ट गावी राहतो. पूल ओलांडून पलीकडे गेलं की सेंट हेलेना बेट लागतं. तिथल्या एका छोट्या खानावळीत मी पहिल्यांदा गुल्ला लोकांचं जेवण जेवलो. कोळंबी घातलेली भेंडी, चवळी-भात, टोमॅटोतला लाल भात आणि शेवटी तिळाची पातळ कुरकुरीत चकती. रत्नागिरीच्या माणसाला यातलं काहीच परकं नव्हतं. भाताचा दाणा न् दाणा सुटा होता. रांधणाऱ्या बाई म्हणाल्या, "चिकट भात आमची आजी ताटात पडू देत नसे."

तिळाला त्या 'बेनी' म्हणतात. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतून आला. चवळीही मूळची आफ्रिकेतली, आणि भेंडीही बहुधा तिथलीच. आपल्याकडे त्या इतक्या मुरल्या की आपण त्यांना आपल्याच समजतो. इथे त्या गुलामांच्या व्यापाराबरोबर आल्या. या किनाऱ्यावरचे मळेवाले भातावर गडगंज झाले. बांध घालणं, भरतीच्या जोरावर खाचरांत पाणी घेणं, उखळात कांडणं, सुपात पाखडणं ही सारी कामं मात्र गुलामांची होती. त्यांच्यातल्या अनेकांना भातशेतीची जाण आफ्रिकेपासूनच होती.

१८६१ साली, यादवी युद्धात, उत्तरेच्या फौजा इथे उतरल्या आणि मळेवाले पळाले. मुक्त झालेल्या अनेकांनी पुढे त्याच मळ्यांचे तुकडे विकत घेतले. बेटांना कित्येक वर्षं पूल नव्हते. त्या एकटेपणात त्यांची भाषा टिकली, चूलही टिकली.

कागद मात्र झाले नाहीत. माणसं मृत्युपत्र न करता गेली आणि जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहिली. मग लांबच्या शहरातला एखादा वारस आपला हिस्सा विकतो, घेणारा कोर्टात वाटप मागतो आणि अख्खी जमीन विकली जाऊ शकते. शेजारच्या हिल्टन हेड बेटाला १९५६ साली पूल झाला. आज तिथे गोल्फची मैदानं आहेत, फाटकबंद वसाहती आहेत. काही गुल्ला कुटुंबांना पूर्वजांच्या कबरींपर्यंत जायलाही पहाऱ्यातल्या फाटकातून जावं लागतं. सेंट हेलेनावर अशा वसाहतींना आणि गोल्फला १९९९ साली काउंटीने बंदी केली, म्हणून तिथे अजून परसात भेंडी दिसते.

गुल्ला पाककृतींची आता पुस्तकं निघतात. कृती कुठेही नेता येते. परस आणि खाडीवर उतरणारी पायवाट नेता येत नाही.

आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. आमच्याकडे त्या गुंत्यापायी जमीन विकता येत नाही म्हणून चुलते कुरकुरतात. त्या सतरांतला लांबच्या शहरातला वारस मीच. सही कधी पाठवतोस, असं काकांनी दोनदा विचारलं. मी अजून पाठवलेली नाही.