बदाम, साखर आणि क्रॉसबो

1448 साली इंग्लंडच्या नॉरफोक भागातून मार्गारेट पॅस्टन नावाच्या विशीतल्या एका बाईने लंडनला असलेल्या नवऱ्याला यादी पाठवली. क्रॉसबो पाठवा, ते ताणायच्या चरख्या पाठवा, बाण पाठवा. दार राखायला दोन-तीन आखूड दांड्याचे परशू. जाड शिवणीचे चिलखती अंगरखे, मिळतील तेवढे. आणि हो, एक पौंड बदाम, एक पौंड साखर, आणि मुलांच्या झग्यांसाठी थोडं कापड.

लढाईची यादी आणि वाण्याची यादी एकाच कागदावर! मध्ययुगातल्या वेढ्यांबद्दल मी जे काही वाचलंय त्यात इतकं खरं वाटलेलं दुसरं काही नाही.

वेढा म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर 'एज ऑफ एम्पायर्स' येतं. हॉस्टेलवर रात्री अडीच वाजता दगडफेकी यंत्रं रांगेत लावायची आणि समोरच्याच्या तटाचे हिट पॉइंट्स शून्य होईपर्यंत चहा प्यायचा. तट पडला, खेळ संपला. पॅस्टन कुटुंबाची पत्रं वाचली की कळतं, खरा खेळ वेगळाच होता. हजाराहून जास्त पत्रं आणि कागद आहेत त्यांचे, बहुतेक ब्रिटिश लायब्ररीत जपलेले. या घराने पंचवीस वर्षांच्या आत तीन ठिकाणी अशी भांडणं लढवली. त्यातल्या दोन ठिकाणांची गोष्ट सांगतो.

आधी मॅनर म्हणजे काय ते. राजगड-तोरण्यासारखं काही डोळ्यांपुढे आणू नका. आपली गावातली गढी आठवा. भोवती जमीन, जमिनीवर कुळं, कुळांकडून वसुली, आणि मधोमध मालकाचं घर. पैसा आणि हौस असली तर त्या घराला खंदक, बुरूज, चर्या. त्यासाठी राजाकडून रीतसर परवाना काढायचा. ग्रेशम नावाच्या गावातल्या गढीला असा परवाना 1318 मध्ये मिळाला होता. पुढे ही ग्रेशमची मालमत्ता विल्यम पॅस्टन नावाच्या न्यायाधीशाने विकत घेतली, तीही टॉमस चॉसरकडून, म्हणजे कवी चॉसरच्या मुलाकडून. विल्यमचा बाप साधा शेतकरी. म्हणजे पॅस्टन घराणं नवश्रीमंत, वकिलीवर वर आलेलं, आणि आजूबाजूच्या जुन्या खानदानांच्या डोळ्यांत खुपणारं.

न्यायाधीश 1444 मध्ये गेला. चारच वर्षांनी, फेब्रुवारी 1448 मध्ये, लॉर्ड मोलिन्स नावाच्या सरदाराने ग्रेशमवर जुना हक्क सांगितला आणि माणसं घुसवून गढी ताब्यात घेतली. न्यायाधीशाचा मुलगा जॉन पॅस्टन कागदपत्रं घेऊन लंडनला पळापळ करायला लागला. दरम्यान ऑक्टोबरात पॅस्टन मंडळी त्याच गावातल्या दुसऱ्या एका घरात येऊन राहिली. जॉन लंडनला गेला की मागे मार्गारेट. का? तर हक्क कागदावर असला तरी गावात आपलं माणूस दिसायला हवं. एकाच शब्दात सांगायचं तर 'ताबा'. आपल्याकडे ज्याच्या घरात जमिनीचा एक तरी दावा चालू आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

त्या यादीच्या पत्रात मार्गारेटने शत्रूच्या तयारीचा जो रिपोर्ट दिलाय तो कुठल्याही सिनियर इंजिनिअरने द्यावा असा आहे. गढीतल्या लोकांनी दारांना आडवे अडसर केलेत. घराच्या चहूबाजूंना जंग्या पाडल्यात. त्यातल्या पाच हातबंदुकांसाठी आहेत, जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीवर, म्हणजे तिथून धनुष्य चालवता येणार नाही. आणि आपल्या घराचं छत इतकं बुटकं आहे की आत उभं राहून मोठं धनुष्य ओढताच येत नाही. इंग्लिश लाँगबो माणसाच्या उंचीचा असतो. मोकळ्या मैदानात त्याच्यासारखं शस्त्र नाही, पण माळवदाखालच्या खोलीत त्याचा उपयोग कपडे वाळत घालायला. म्हणून क्रॉसबो. आडवा धरायचा, चरखीने ताणायचा, खिडकीतून सोडायचा. तिने आधी जागा बघितली आणि मग हत्यार मागवलं.

नंतरच्या जानेवारीत मोलिन्सची माणसं आलीच. पॅस्टनच्या तक्रार-अर्जात हजार माणसं लिहिली आहेत. अर्ज म्हटल्यावर आकडा थोडा फुगलेला असणार. पण सामानाची नोंद वाचण्यासारखी आहे: बंदुका, धनुष्यं, शिड्या, निखाऱ्यांची भांडी, घरं ओढून पाडायचे लांब आकडे, भिंती खणायच्या कुदळी, दारं फोडायला झाडांचे ओंडके. आत मार्गारेट आणि बारा माणसं. त्यांनी ती ज्या खोलीत होती तिची भिंत खालून खणली, तिला उचलून दाराबाहेर आणलं, मग घराचे खांब तोडून ते पाडलं आणि पेट्या लुटल्या. नुकसान दोनशे पौंड. बुटक्या घराला क्रॉसबोने थोडा वेळ मिळाला असेलही, पण हजारांपुढे बाराजणांचं काय चालणार?

इथे माझ्या आजीबद्दल सांगायला हवं. आमच्या गावच्या घराचा वाद मी शाळेत असल्यापासून कोर्टात आहे. समोर भाऊबंदच. वकिलांचं एकच वाक्य आहे, "घराला कुलूप दिसता कामा नये." म्हणून आजोबा गेल्यानंतर आजी तिथे एकटी राहते. तिला आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण होतील. बाबा पुण्यात, काका नाशकात, मी जिथे प्रोजेक्ट असेल तिथे. मागे एकदा रात्री कुणीतरी परसातल्या कुंपणाचे चार खांब उपटले. दुसऱ्या दिवशी आजीचा फोन आला. "मागच्या दाराला नवी कडी पाठव, अंगणात तो भक्क उजेडाचा दिवा बसवून घे, आणि येताना शंभर ग्रॅम वेलदोडे आण, इथले जुने असतात." हे संभाषण झालं तेव्हा मी मार्गारेटचं नावही ऐकलं नव्हतं. नंतर ऐकलं तेव्हा पहिल्या परिच्छेदातच हिला मी ओळखतो असं वाटलं.

गेल्या वर्षी क्लायंटच्या कामासाठी चार महिने नॉरिचमध्ये होतो. एका रविवारी ट्रेनने ग्रेट यारमथ आणि तिथून केस्टरचा किल्ला गाठला. पॅस्टनांचं मोठं युद्ध इथे झालं. हा ग्रेशमसारखा प्रकार नाही. फ्रान्सच्या लढायांत पैसा केलेल्या सर जॉन फास्टॉल्फने 1432 पासून बांधलेला, विटांचा, रुंद खंदकाचा. (शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफला नाव याच्यावरून मिळालं असं मानतात.) खंदकात अजून पाणी आहे आणि नव्वद फुटांच्या आसपासचा एक सडपातळ बुरूज अजून उभा आहे.

फास्टॉल्फ 1459 मध्ये निपुत्रिक वारला. शेवटच्या दिवसांत त्याने सगळं मला दिलं असं जॉन पॅस्टनचं म्हणणं. मृत्युपत्राच्या इतर व्यवस्थापकांना ते मान्य नव्हतं. त्यातल्या काहींनी 1468 मध्ये किल्ला ड्यूक ऑफ नॉरफोकला विकून टाकला. म्हणजे आता दोघांकडेही कागद! जॉन तोवर वारला होता. मागे त्याची दोन मुलं, थोरला सर जॉन आणि धाकटा जॉन. हो, बापही जॉन आणि दोन्ही मुलंही जॉन. व्हेरिएबलला नाव सुचेनासं झालं की आपणही असंच करतो.

थोरला लंडनला दरबारी, धाकटा किल्ल्यावर. थोरल्याने लंडनहून चार भाडोत्री शिपाई पाठवले आणि सोबत त्यांची शिफारस. बंदूक आणि क्रॉसबो दोन्ही चालवतात, दुरुस्तही करतात, पहारा देतात, माणसं धीराची आहेत. फक्त त्यातला टकलू, विल्यम पेनी, माणूस लाखात एक, पण कधीकधी जरा जास्त घेतो. व्हेंडरकडून येणाऱ्या प्रोफाइलमध्ये एवढा प्रामाणिकपणा मी आजवर पाहिलेला नाही :)

ऑगस्ट 1469 मध्ये ड्यूकने वेढा घातला. वेळ अचूक निवडली होती. राजा चौथा एडवर्ड तेव्हा वॉरिकच्या कैदेत होता, दाद मागायची कुणाकडे? तेव्हाच्या एका नोंदीत हल्लेखोर तीन हजार आहेत. आत धाकटा जॉन आणि तीसएक माणसांची शिबंदी. तरी पाच आठवडे किल्ला टिकला. खंदकामुळे भिंतीला हात लावता येत नव्हता, आतूनही तोफा-बंदुका चालत होत्या.

या पाच आठवड्यांत सगळ्यात बोचतो तो पत्रव्यवहार. 12 सप्टेंबरला मार्गारेट, आता प्रौढ विधवा, लंडनच्या मुलाला लिहिते: तुझा भाऊ संकटात आहे, अन्न नाही, बंदुकीची दारू आणि बाण संपत आलेत, तोफांनी जागा मोडकळीला आलीय, डॉबनी आणि बर्नी मेले. थोरला उत्तर पाठवतो की माझ्या माहितीप्रमाणे ते दोघे ठणठणीत आहेत, इथे बड्या लोकांशी तहाची बोलणी चालू आहेत, धीर धरा. डॉबनी खरंच मेला होता. लंडनमध्ये स्टेटस हिरवं आणि जागेवर आग लागलेली. थोरला हातावर हात ठेवून बसला होता असंही नाही. जे त्याच्या हातात होतं ते तो करत होता. पण ते लंडनमध्ये होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किल्ला पडला. माणसांना जीव, सामान आणि घोडे घेऊन जाऊ दिलं, तोफा-क्रॉसबो मागे ठेवायचे. धाकट्याने भावाला पत्रात कारणं कळवली: अन्न नव्हतं, बंदुकीची दारू नव्हती, माणसांच्या काळजात बळ उरलं नव्हतं, आणि सुटकेला कुणी येईल याची खात्री नव्हती.

मी ही यादी परत परत वाचली. यात तट नाही. 'भिंत पडली' असं तो कुठेच म्हणत नाही, आणि तीस माणसांनी पाच आठवडे काढलेत म्हणजे भिंतीने आपलं काम चोख केलं होतं. भिंतीचं काम शत्रूला कायमचं बाहेर ठेवणं हे नसतंच. ती वेळ मिळवून देते. त्या वेळात बाहेरून कुणीतरी यायचं असतं. ते आलं नाही तर जगातली कुठलीही भिंत म्हणजे नुसती उशिरा येणारी हार.

केस्टर पुढे परत मिळालं. जानेवारी 1476 मध्ये ड्यूक अचानक वारला, त्याला मुलगा नव्हता, आणि त्याच वर्षी पॅस्टनांचा हक्क मान्य झाला. म्हणजे कागद अखेर जिंकला, सात वर्षांनी. डॉबनीला त्याचा काही उपयोग नव्हता.

आमच्या घराला आता नवी कडी आहे, भक्क उजेडाचा दिवा आहे, मोबाइलवर दिसणारा कॅमेरासुद्धा आहे. कॅमेऱ्यात आजी दिसते. दुपारी ओसरीवर बसते, मधूनच फाटकाकडे बघते. या दिवाळीत सगळे जमलो तेव्हा मी बाबांना आणि काकांना विचारलं की उद्या रात्री काही झालंच तर आपल्यापैकी कोण, किती तासांत पोचणार? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "नाशिकहून सात तास." आजी आतून म्हणाली, "तोवर मी चहा टाकून ठेवते."

मग कागद-पेन घेऊन बसलो आणि पाळ्या लावल्या. पहिले दोन महिने मी गावाहून काम करणार, मॅनेजरने हो म्हटलंय. त्यानंतर बाबा, मग काका. वर्षभर हे जमलं नाही तर घर सोडून आजीला पुण्याला आणायचं, दाव्याचं काय व्हायचं ते होवो, हेही तिच्यासमोरच ठरलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

पुढच्या शनिवारी निघतोय. वेलदोडे घेतलेत.